न उचललेलं बोट

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीचं. लग्नात माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, घासही न घेता भिंतीला पाठ लावून बसला होता. का, ते त्यानं फार उशिरा सांगितलं.

तो एका तबेल्यात मोतद्दार होता. खरारा, चारापाणी त्याच्याकडे. घोड्यांना शिकवायचं काम मास्तरांचं.

मास्तरांच्या हातात चाबूक कधी दिसला नाही. आधी हलकेच म्हणायचे, "सरक गं बाई." मग बरगडीवर एक बोट टेकवायचे. तांबडी घोडी सरकली, की बोट लगेच उचलायचे.

"उचललं नाही, तर तिला कसं कळणार, बरोबर केलं ते?" मास्तर म्हणायचे. "मग ती बिचारी सरकतच राहील."

मालकांना घाई होती. घोडी बघायला लोक येणार होते.

"लाडावून ठेवलीय नुसती! चाबकाशिवाय कोणी ऐकतं का?"

"माझी बायको मला चाबकाशिवायच ऐकायला लावते, मालक," मास्तर हसले.

मंगळवारी सकाळी मास्तर घोडी आणि भिंत यांच्या मधे उभे होते. त्यांनी बोट टेकवलं. त्याच क्षणी पलीकडून मालकांनी चाबूक ओढला. घोडी उसळून मास्तरांवर आदळली.

संध्याकाळी मास्तर गेले.

"त्यांचाच हात चुकला," मालकांनी मास्तरांच्या बायकोला सांगितलं. "हवं तर याला विचारा."

मेहुण्यानं सगळं पाहिलं होतं. नोकरीच्या भीतीनं त्यानं होकारार्थी मान हलवली.

पुढचा मंगळवार. भर दुपार.

तबेल्यातली माशांची गुणगुण एकाएकी थांबली...

घोडीनं कान वळवला. रिकाम्या बाजूला.

मालक चाबूक घेऊन भिंतीच्या बाजूनं आत शिरले. "सरक!"

घोडी हलली नाही.

आणि मग... पलीकडच्या बरगडीवर, केसांत, खळगा पडला. बोटाएवढा.

तिथे कोणीच नव्हतं.

घोडी सरकली. मालकांकडे.

खळगा तसाच राहिला.

ती आणखी सरकली. थरथरत होती, खूर घसरत होते, पण थांबत नव्हती.

"अरे, ओढ तिला!" मालक मेहुण्यावर ओरडले. पुढे आवाजच निघेना. दोर ओढून मेहुण्याचे तळवे सोलवटले. घोडी ढिम्म.

"मास्तर!" तो किंचाळला. "मी वहिनींना खरं सांगतो! शपथ!"

खळगा भरून आला. घोडी बाजूला झाली.

मालक भिंतीवरून घसरत खाली आले.

मेहुण्यानं मास्तरांच्या बायकोला काही सांगितलं नाही. मालकांच्या मुलानं त्याला कामावर ठेवलं. आज जातो, उद्या जातो करत बारा वर्षं गेली. झोपेत तो भिंतीकडे सरकायचा.

"अहो, अख्खी खाट मोकळी आहे, भिंतीत घुसताय की काय!" त्याची बायको ओरडायची.

"बरगडीला काहीतरी टोचतं गं."

शेवटी त्यानं मला सांगितलं. "भावोजी, माझी छाती होत नाही. तुम्ही तरी जा वहिनींकडे."

मी हो म्हटलं. गेलो नाही. म्हाताऱ्या बाईची जखम कशाला उकरा, असं स्वतःला समजावत राहिलो.

आता लिहून टाकलंय. उद्या हा कागद घेऊन जाणार आहे. उद्या नक्की. पण लिहितानाही खुर्ची दोनदा सरकवावी लागली... डावीकडे कोणी नाही, बघितलं मी.

मास्तर मंगळवारी गेले. मालक पुढच्या मंगळवारी, दुपारी. मेहुणा गेल्या महिन्यात, पहाटे गेला. भिंतीला चिकटलेला सापडला.