एका दाराचं अंतर

काही माणसांना देवाने मान दिली, पण ती वळवायची अक्कल द्यायची राहून गेली. लिफ्टवाला त्यातलाच. रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि मागून कोण येतंय, कोण जातंय, काही न बघता दार धाडकन उघडलं. ते थेट मागून येणाऱ्या तिच्या सायकलच्या हँडलवर. सायकल एकीकडे, ती दुसरीकडे, आणि मागच्या पेटीतल्या कवळ्या चौफेर!

हो, कवळ्याच. ती आत्याच्या डेंटल लॅबमध्ये कामाला होती. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, त्यावरून आत्या आणि ती कवळ्या बनवायच्या, आणि तयार माल सायकलवरून दवाखान्यांत पोचवायचं काम तिचं. आता तो माल डांबरावर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला दात दाखवत होता.

"लागलं का हो?" लिफ्टवाला धावत आला. चेहरा पांढराफटक.

"छे, हौसेने आडवी झालेय!" कोपर धरून ती उठली. "दार उघडायच्या आधी मागे बघायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?"

"चुकलं... खरंच चुकलं." तो गुडघ्यांवर बसून कवळ्या वेचायला लागला. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. पलीकडे लिफ्ट येऊन थांबली नसेल तर तिचं दार उघडतच नाही. दिवसभर तेच करून हाताला वाटतं, दार उघडलं म्हणजे सगळं ठीकच असणार..."

ती आणखी चार शब्द सुनावणार होती, पण इतका वेडगळ आणि इतका खरा खुलासा तिने जन्मात ऐकला नव्हता. आणि तो एकेक कवळी रुमालाने पुसून, पाखराचं पिल्लू ठेवावं तशी, दोन्ही हातांनी पेटीत ठेवत होता. अशा माणसावर रागवायचं तरी किती?

कोपर बरं झालं. सायकलही बरी झाली. वाकलेलं चाक लिफ्टवाल्यानेच सरळ करून आणलं. पण मनात बसलेली भीती काही हलेना. कडेला उभी गाडी दिसली की पाय पेडलवर थिजायचे. निघायची आणि कोपऱ्यापासूनच सायकल हातात धरून चालत परत यायची.

आत्या म्हणजे तोफ. "अगं, आपटलीस तू आणि उपाशी राहिले म्हातारे! हिरड्यांनी किती दिवस चावायचं त्यांनी? या शनिवारपर्यंत बघते. नाहीतर माल पोचवायला माणूस ठेवते, आणि तू बस इथे प्लास्टर कालवत."

तिने प्लास्टरच्या घमेल्याकडे पाहिलं. चार भिंती, पांढरी धूळ, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत परक्यांचे दात. दिवसातला तो एक सायकलचा फेराच तर तिचा स्वतःचा होता... तो वारा, बेकरीवरून जाताना येणारा तो गरम वास. तोही गेला तर उरलं काय?

लिफ्टवाला दारातच उभा होता. हल्ली तो काही ना काही निमित्त काढून यायचाच. आज साखळीला तेल, उद्या घंटीला.

"मी मागून येतो," तो म्हणाला. "भावाची सायकल पडूनच आहे. मागच्या गाड्या मी बघेन, तुम्ही पुढे बघा."

"तुम्ही? आणि मागे बघणार?"

"आता बघतो ना! दारापासून लांबच्या हाताने दार उघडायची सवय लावून घेतलीय. त्या हाताने उघडलं की अंगच वळतं, मग मान आपोआप मागे जाते."

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "मान हल्ली कुणीकडे वळतेय ते दिसतंय हो मला."

लिफ्टवाल्याचे कान लाल झाले. तिला उगाचच टेबलावरचे साचे नीट लावावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. पुढे ती, मागे तो. उभ्या गाड्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसली की ती घाबरून कडेला घुसायची, गाडी आली की परत बाहेर.

"दातवाल्या बाई!" मागून हाक आली. "असं आत-बाहेर केलंत तर मागच्याला कळणार कसं तुम्ही कुठे आहात? सरळ रेषेत चला. गाड्यांपासून एका दाराचं अंतर ठेवून."

"पण मागचे हॉर्न वाजवतायत!"

"वाजवू दे की! वाजवतोय म्हणजे तुम्ही त्याला दिसताय."

"तुम्हाला दिसतेय का नीट?"

"मला तर दुसरं काही दिसतच नाही." मग घाईघाईने — "म्हणजे... रहदारीच्या दृष्टीने."

ती हसली. पाठमोरी असल्यामुळे पोटभर हसता आलं.

वळायच्या आधी मागे बघायचं, हात दाखवायचा, मगच वळायचं. बघायचं ते गाड्यांसाठी, पण नजर आधी त्याच्यावरच जायची. तोही हात दाखवायचा आणि त्याची सायकल चार पेले चढवल्यासारखी डुलायची. तिला वळणं आवडायला लागली. वाटेत नसलेलीही ती घ्यायला लागली...

शुक्रवारी पुढच्या गाडीचं दार अचानक उघडलं. ती एका दाराच्या अंतरावरून घंटी वाजवत सरळ निघून गेली. काळजाचा ठोकासुद्धा चुकला नाही.

"वा!" मागून आवाज आला. आणि मग त्याच्या सायकलचा वेग उगाचच कमी झाला.

"माल वेळेवर पोचला," संध्याकाळी आत्या म्हणाली. "माणूस ठेवणं रद्द. आता एकटी जात जा, त्या बिचाऱ्यालाही कामधंदा आहे."

आनंदाने उडी मारायची वेळ होती, पण ती पेटीचं झाकण उगाच उघडत-लावत राहिली. "उद्या एक दिवस येऊ दे ना त्यांना... तो मोठा चौक आहे..."

"हो का?" आत्या म्हणाली. "मोठा आहे खरा."

शनिवारी ती मुद्दाम एका मोकळ्या जागेत घुसली.

"काल तर छान चालवत होतात!"

"आज भीती वाटतेय."

"खरंच?"

"...थोडीशी."

हे तिने असं काही म्हटलं की लिफ्टवाल्याचं भान सुटलं. जोरात पेडल मारून तो तिच्या शेजारी आला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच मागून ट्रक कर्कश्श ओरडला.

"मागे व्हा!" ती किंचाळली.

तो मागे झाला. ट्रक घसटून गेल्यासारखा गेला. तिने हात दाखवला, सायकल रस्त्याच्या बाहेर घेतली आणि उतरली. तेव्हा कळलं, आपण घाबरलोय. पण ही भीती स्वतःसाठी नव्हती.

"जीव वर आलाय का तुमचा? शेजारी कशाला आलात?"

"मागून सांगता येत नव्हतं."

"काय एवढं सांगायचं होतं?"

तो हँडलकडे बघत राहिला. "उद्यापासून तुम्हाला माझी गरज नाही, हे काल कळलं. पण मला... उद्याही यायचंय. परवाही. नंतरही."

गाड्या येत होत्या, जात होत्या. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"ऐक रे लिफ्टवाल्या," पहिल्यांदाच तिने त्याला अरे-तुरे केलं. "रस्त्यावर तू मागेच राहायचं. एका रेषेत, तोंड बंद. शेजारी बसायची हौस असेल ना, तर ती घरी. जन्मभर बस. तिथे मागून ट्रक येत नाही, फक्त आत्या येते — आणि तिला मी बघून घेते!"