टोपल्याखालचं पीठ

शपथ कुणाकुणाची घेऊ? पटलं तर पटलं. माझ्या कडूबामामाच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली होती, ती मी लहानपणापासून बघत आलोय.

साल चौऱ्याऐंशी. लासूर स्टेशनजवळची आमच्या मामांची वस्ती. अन् वेळ रात्रीची नाय बरं, चांगलं उजाडल्यावरची.

आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्यावरून भांडण पेटलं. भाऊबंदानं धाकट्या बन्सीमामाच्या मानेत कुऱ्हाड घातली. ओसरीवर आणला तरी रक्त थांबंना. त्यानं कडूबामामाचा हात गच्च धरला.

"दादा, पुढं कायच नाय रं... अंधारबी नाय. मला सोडू नको!"

अन् गेला.

आजीनं, मनकर्णाबाईनं, ते ऐकलं. तिनं अन्नपाणीच सोडलं. "माझा लेक कुठं गेला ते कळत नाय तवर पाण्याचा घोट घेणार नाय."

आमच्याकडं माणूस जिथं जीव सोडतो तिथं रात्री पीठ पसरतात अन् टोपलं पालथं घालतात. सकाळी पिठात पाऊल उमटतं. पाखराचं, गाईचं... ज्या जन्माला तो गेला त्याचं.

सकाळी कडूबामामानं टोपलं उचललं.

पीठ सपाट...

मुंगीचा पायसुद्धा नाय.

मागून आजी भिंतीला धरत येत होती. "काय उमटलं रं?"

आता हीबी जाईल, या धास्तीनं मामानं झटकन तीन बोटं पिठात दाबली. पाखराचा पाय.

अन्...

बोटं वर येईनात.

खालनं कुणीतरी धरली होती. सारवलेल्या टणक भुईतनं!

कट्... एक मोडलं.

कट्... दुसरं.

मामा गुरासारखा ओरडला. तिसऱ्या बोटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं तेव्हा कुठं हात सुटला. पिठात रक्ताचा चिखल झाला.

आजीनं ना हात बघितला ना रक्त. तिला चिखलातली तेवढी तीन बोटांची खूण दिसली. "पाखरू झाला गं बाई माझा बन्सी!" ती रडत रडत हसली, अन् तांब्याभर पाणी प्यायली.

पुढं म्हातारपणी मामा आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी राहायला आला. एकदा धीर करून विचारलं, "मामा, बन्सीमामाच होता का तो?"

"त्याचीच पकड."

"मग मेल्यावर काहीतरी असतं म्हणायचं. भ्यायचं कशाला?"

मामानं ती वाकडी बोटं दुसऱ्या मुठीत झाकली.

"येड्या, कायच नसतं तर लई बरं झालं असतं."

मागच्या महिन्यात मामा गेला. मी कुणाला पीठ पसरू दिलं नाय.

पण जाताना त्यानं माझाच हात धरला होता... गच्च.