आधी जेवण, मग पत्र

"डॉक्टर! डॉक्टर आहेत का?" अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या कंपनीच्या यार्डातून, उंच टाचांवर धडपडत येऊन मी क्लिनिकचं दार ढकललं.

"डॉक्टर मंगळवारी येतात. मी मेडिकल असिस्टंट. कोण पडलं?"

पडले होते खैरुद्दीनचाचा, एकोणीस वर्षं वेल्डिंग करणारे. आणि पाडलं होतं मी! २००९चा फेब्रुवारी होता, दुबईतली कामं थांबली होती, आणि एचआरमधली सगळ्यात नवी म्हणून नोकरी गेल्याची पत्रं वाटायचं काम माझ्या गळ्यात आलं होतं. चाचांनी पत्र वाचलं, "खलास, बेटी?" म्हणाले, आणि खालीच बसले.

त्या असिस्टंटनं यार्डात येऊन चाचांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन शुगर बघितली, फार उतरली होती, म्हणून साखरपाणी पाजलं. मी पुटपुटले, "अगं आई गं..."

"मराठी का? बरं झालं," तो वर न बघता म्हणाला. "म्हणजे मराठीतच रागावता येईल. डायबेटिसच्या माणसाला उपाशीपोटी असलं पत्र देतात, मॅडम?"

"मॅन्युअलमध्ये तसं काही—"

"मग मॅन्युअलमध्ये घाला. आधी जेवण, मग पत्र. आणि मला आधी कळवा."

असा राग आला! नाव म्हणे शार्दूल. नाव वाघाचं, आणि आवाज इतका हळू की शेजारच्यानंही कान द्यावा. पण... ऐकलं मी त्याचं.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी विचारायचे, "जेवलात का?" बाहेर शार्दूल बीपीचं मशीन घेऊन उभा असायचा. कुणाला काय दुखतं, कुणाची गोळी कधी संपते, सगळं त्याला तोंडपाठ. जाणाऱ्याच्या हातात औषधांची यादी द्यायचा, त्याच्या भाषेत कुणाकडून तरी लिहून घेतलेली. आणि सगळ्यात शेवटी पट्टा माझ्या दंडाला.

"मला काय झालंय?"

"पत्र देणाऱ्याचंही बघावं लागतं... वाढलंय थोडं."

"तुम्ही असे बघत राहिलात तर वाढणारच!" बोलून गेले आणि जीभ चावली. तो कानापर्यंत लाल!

इथला दाट दुधाचा करक चहा पिता पिता त्याचं स्वप्न कळलं. मुंबईहून साधा असिस्टंट म्हणून आला होता. मग रक्त काढायचं सर्टिफिकेट घेतलं, मग ईसीजीचं, मग ड्युटी सांभाळून सुपरवायझरचा कोर्स. टेबलाच्या काचेखाली अल ऐनच्या एका हॉस्पिटलची जाहिरात होती: क्लिनिक सुपरवायझर पाहिजे.

"अर्ज का नाही करत?"

"तुमची पत्रं संपू देत. मधेच कसा जाऊ?"

"वेडे आहात तुम्ही!" म्हटलं खरं. पण असा माणूस आमच्या अख्ख्या कंपनीत दुसरा नव्हता. आवडला होता मला. फार.

एप्रिलमध्ये नवी यादी आली. क्लिनिक बंद. शेवटचं नाव शार्दूलचं. महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही, तर मुंबईचं विमान.

वॉशरूममध्ये दहा मिनिटं रडले. मग डोळे पुसले आणि टाइप करायला बसले. अनुभवाचं पत्र, दोन पानं, शब्द न् शब्द खरा. मॅनेजरची सही होईपर्यंत त्यांच्या केबिनमधून हलले नाही. अल ऐनला फोनांवर फोन केले.

गुरुवारी दुपारी क्लिनिकच्या दारात उभी राहिले.

"शार्दूल... जेवलात का?"

मशीन पुसणारा त्याचा हात थांबला. कळलं त्याला.

"जेवलो," तो म्हणाला. "द्या."

मी दोन पाकिटं दिली. पहिलं वाचून त्यानं नीट घडी घातली. दुसरं वाचताना मात्र त्याला खुर्ची लागली.

"रविवारी इंटरव्ह्यू? मी तर अर्जच..."

"मी केला. तुमच्या फायलीतले कागद घेऊन, न विचारता. आता रागवा... मराठीत."

रागावला नाही. मग पहिल्यांदाच मॅडम नाही, तुम्ही नाही—

"अपर्णा, तू जेवलीस?"

"सकाळपासून काहीच नाही."

त्यानं कपाटातून डबा काढून माझ्यापुढे ठेवला. उघडला, तर अख्खा भरलेला!

"खोटारडे! जेवलात म्हणालात ना?"

"तुला पत्र देणं सोपं जावं म्हणून." आवाज आणखी हळू झाला. "आता खा. मलाही तुला काही सांगायचंय... पण आधी जेवण."

रविवारी ती नोकरी त्याला मिळाली, आणि आज तिथे त्याच्या हाताखाली बारा जण आहेत. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी डब्यात भेंडी होती. भेंडी मला मुळीच आवडत नाही. सगळी संपवली, आणि अशी भराभर, की शेवटी तोच म्हणाला, "अगं, सावकाश!"