चंदनाचा रकाना

सांगलीच्या मार्केट यार्डात शिवांजलीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो हळदीच्या ढिगासमोर उकिडवा बसला होता आणि एक व्यापारी त्याला हसत होता.

फेब्रुवारी सरत आला होता. सौदे जोरात होते. शेडभर पिवळा धुरळा उडत होता आणि शिवांजलीच्या पापण्यांवर, ओढणीवर, मोबाईलच्या काचेवर बसत होता. ती साताऱ्याहून एसटीनं आली होती ती कामासाठी. सरकारनं छोट्या छोट्या तंत्रज्ञान-उद्योगांना संशोधनासाठी अनुदान दिलं होतं. त्यातून पुढं खरंच काय निघालं, हे मोजायचं काम पुण्यातल्या एका संस्थेकडं होतं आणि सातारा-सांगली हे दोन जिल्हे त्या संस्थेनं शिवांजलीवर सोपवले होते. अनुदान मिळालेल्या माणसाच्या दारात जाण्याआधी ती नेहमी बाजारात एक चक्कर टाकायची. मालक सांगतो ते वेगळं आणि बाजार सांगतो ते वेगळं, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

त्या तरुणाच्या हातात टॉर्चएवढं एक यंत्र होतं. त्याचं टोक त्यानं हळदीत खुपसलं, आकडा वाचला आणि व्यापाऱ्यापुढं धरला. व्यापाऱ्यानं आकड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. एक हळकुंड उचललं, कानाशी नेऊन कट्‌कन मोडलं आणि म्हणाला, "वाळलीया. झालं की."

शिवांजलीला शिंक आली. मग आणखी एक. मग थांबेचना. त्या तरुणानं वर पाहिलं आणि खिशातला रुमाल पुढं केला — तोही पिवळाधमक.

"यानं तर वाढतील शिंका," ती कशीबशी म्हणाली.

"मग आधी बाहेर चला. शिंकायला मोकळी जागा लागते."

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर तो तिच्या शेजारी उभा राहिला. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे ओलावा मोजायचं यंत्र यार्डात कोण कोण वापरतं?

"कोणीच नाही."

"अगदी कोणीच?"

"आमच्या ओळखीचे दोघं-तिघं वापरतात. पण ते ओळखीसाठी वापरतात, ओलाव्यासाठी नाही."

ती हसली. रस नाकात जाईल इतकं हसली.

दुपारी कुपवाडच्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या कंपनीचं दार तिनं वाजवलं, तर उघडायला तोच. त्याचं नाव अतिशय मगदूम. यंत्र त्याचं, कंपनी त्याची आणि अनुदानही त्याचंच. सकाळीच सांगायचं होतं की, असं ती म्हणाली, त्यावर तो म्हणाला, "तुम्ही तरी कुठं सांगितलंत? आणि बरं झालं. कळलं असतं तर दोघा-तिघांच्या जागी वीस-पंचवीस म्हटलं असतं, आणि आता ते निस्तरत बसलो असतो."

इतकं सरळ बोलणारं माणूस तिला या कामात भेटलं नव्हतं. काळासावळा, कपाळावर हळदीचं बोट ओढल्यासारखा पट्टा, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची सवय... शिवांजलीनं मान खाली घालून लिहायला घेतलं.

आणि त्याच दुपारी चंदना आली. म्हणजे तिचं नाव आलं. हा सेन्सर चंदनानं बसवला. हे गणित चंदनाचं. हे मला नीट नाही सांगता येणार, चंदना असती तर झटक्यात सांगितलं असतं. पहिल्यांदा शिवांजलीनं ते नाव टिपून घेतलं. नंतर टिपायचं सोडलं. संध्याकाळपर्यंत तिला त्या नावाचा वीट आला होता.

मागच्या बाजूलाच त्यांचं घर होतं. त्याच्या आईनं, प्रभावतीबाईंनी, तिला हाताला धरून पाटावर बसवलं. "बस बाई. आमी दिस बुडायच्या आत जेवतो. तू बी दोन घास खाऊन घे." गरम भाकरी, वांग्याची भाजी, वर लोण्याचा गोळा. शिवांजलीनं मनापासून तारीफ केली. प्रभावतीबाई खूश होऊन म्हणाल्या, "चंदनाला पण हीच भाजी लय आवडायची."

पुढचा घास शिवांजलीनं नुसताच ताटात फिरवला.

मार्चभर ती सांगलीला येत राहिली. एका भेटीत भागणारं काम नव्हतं, हे खरं. पण भागत असतं तरी तिनं ते भागू दिलं नसतं, हेही तितकंच खरं. अतिशयच्या मोटरसायकलवर मागं बसून ती मळ्यामळ्यांतून फिरली. हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमधून वाफेचे लोट निघायचे, ओला मातकट वास केसांत भरून राहायचा. साताऱ्यात परतल्यावर ती केस धुवायला उगाच उशीर करायची.

"तुम्ही घट्ट धरून बसा," तो खड्डा आला की म्हणायचा.

"धरलंय की."

"सीटला धरलंय तुम्ही. सीट माझ्याआधी पडेल."

अशी त्याची बोलणी. एकदा कृष्णेच्या घाटावर बसले असताना त्यानं पाण्यात पाय सोडले आणि म्हणाला, की पुढच्या टप्प्याचं अनुदान नाही मिळालं तर कंपनी बंद करावी लागेल. मग नोकरी बघावी लागेल. "साताऱ्यात बघेन म्हणतो. तिथं आता ओळखीचं कोणीतरी आहे..."

शिवांजलीनं पाण्याकडं पाहिलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. काय बोलावं, ती जुळवत होती, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर नाव उजळलं — चंदना. तो उठून चार पावलं बाजूला गेला, बोलला, आणि मोठ्यानं हसला. सेन्सरबद्दल बोलताना कोणी असं हसतं का? शिवांजलीनं पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात भिरकावला. तो परत आल्यावर तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, ही चंदना नक्की कोण?

त्यानं काही आडपडदा न ठेवता सांगितलं. कॉलेजात दोघं एका वर्गात. दोघांची घरं जैन, ओळखीपाळखीची. कंपनी दोघांनी मिळून उभी केली, मग घरच्यांनी लग्नही ठरवलं. पण चंदनाला सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला स्वतःचं काम सुरू करायचं होतं आणि त्याला सांगली सोडायची नव्हती. लग्न राहून गेलं. भांडण नाही, काही नाही.

भांडण झालं असतं तर शिवांजलीला बरं वाटलं असतं. भांडलेल्या माणसांचा काहीतरी शेवट झालेला असतो. हे तर नुसतंच राहून गेलं होतं. राहून गेलेलं कधीही पुन्हा सुरू होऊ शकतं.

खंडाळ्याला जायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. अनुदानावर काम केलेली माणसं आता कुठं आहेत हे बघावं, असं तिनं स्वतःच ठरवलं. खरं तर तिला चंदनात काहीतरी खोट शोधायची होती. सापडली असती तर प्रवास सार्थकी लागला असता.

पण चंदना तिच्यापेक्षा बुटकी, हसरी आणि भलतीच उमदी निघाली. सांगलीच्या मुली बोलतात तशी ती "बसा, मी चहा सांगतो" म्हणाली आणि हातातलं संत्रं सोलून निम्मं न विचारता शिवांजलीपुढं ठेवलं. शेडमध्ये बायका ओळीनं बसून यंत्रं जोडत होत्या. हीच यंत्रं, तोच सेन्सर, फक्त हळदीऐवजी सोयाबीनसाठी. माल ओला आहे म्हणून खरेदी केंद्रावरून पोती परत यायची, म्हणून आता शेतकऱ्यांचे गट घरूनच मोजून न्यायला लागले होते. मागणी इतकी, की पुरवता येत नव्हती.

"हे सगळं सांगलीच्या त्या खोलीत शिकलो मी," चंदना म्हणाली. "सरकारनं अनुदान अतिशयला दिलं आणि त्याचं फळ इथं लागलं. पण ते त्याच्या नावावर कोणी मांडत नाही. त्याला नापासच करतील बघा तुमची माणसं."

तुम्ही पुन्हा एकत्र काम कराल का, असं शिवांजलीनं विचारलं. नको असताना विचारलं.

"एका पायावर. कितीदा म्हटलंय मी त्याला."

खंबाटकीचा घाट चढताना एसटीच्या खिडकीशी बसून शिवांजली पार होरपळून निघाली. संत्र्याचा वास अजून बोटांना होता. त्या वासाचासुद्धा तिला राग आला.

अहवालाचा तक्ता ठरलेला होता. कंपनीची विक्री, कंपनीचे पेटंट, कंपनीतले रोजगार. चंदना त्यात कुठंच बसत नव्हती. लिहिलं नाही तर कोणी विचारणार नव्हतं. आणि लिहिलं तर? पुढच्या टप्प्यात दोन उद्योगांच्या जोडप्रस्तावाला पहिली पसंती होती. अतिशय आणि चंदना, दोन वर्षं, एकत्र. न लिहिलं तर सांगलीची कंपनी बंद... आणि तो साताऱ्यात. खोटं काही लिहायचंच नव्हतं. फक्त एक नाव लिहायचं नव्हतं.

दोन दिवस तिनं तो अहवाल उघडून ठेवला. जेवली नाही धड, झोपली नाही धड. त्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. "कोणीच वापरत नाही" असं आपल्याच यंत्राबद्दल सांगणारा माणूस, आणि त्याच्याबद्दलचं अर्धंच खरं सांगायला निघालेली आपण. तिसऱ्या दिवशी तिनं तक्त्याला एक नवा रकाना जोडला — अनुदानातून शिकून बाहेर पडलेली माणसं आणि त्यांनी उभं केलेलं काम. त्यात पहिलं नाव लिहिलं चंदनाचं. आणि लिहायला लागल्यावर मन लावून लिहिलं. त्या बायकांबद्दल, त्या सोयाबीनबद्दल, सगळं.

तिचे वरिष्ठ, जयराज सर, वाचून खूश झाले. हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं, म्हणाले.

"सर, ही फाईल आता दुसऱ्या कोणाला तरी द्या," शिवांजली म्हणाली. "लिहिलंय ते खरं आहे. पण पडताळून घ्या. मी तिथं तटस्थ नाही."

"म्हणजे त्याच्या बाजूची की विरुद्ध?"

"दोन्ही, सर."

जयराज सरांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं आणि फाईल आपल्याकडं ठेवून घेतली. संध्याकाळी तिनं अतिशयला फोन करून सांगितलं, की फाईल आता माझ्याकडं नाही, निर्णय लागेपर्यंत आपण बोलायला नको. तो म्हणाला, "बरं." नुसतं बरं. त्या एका शब्दावर शिवांजली उन्हाळाभर चिडून होती.

पावसाळाही गेला. ऑक्टोबरात निकाल लागला. मगदूम आणि चंदना यांच्या जोडप्रस्तावाला मंजुरी. शिवांजलीनं ती ओळ वाचली, रजा टाकली आणि सोयाबीनच्या मळणीचं निमित्त करून पाटणला घरी निघून आली.

तर तिथंही चंदना. वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आकाराम, अंगणात वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये गटाकडून आणलेलं यंत्र खुपसून बसले होते. "शिवा, बघ की. बरोब्बर बारा आलं. ज्या पोरीनं हे केलंया ती लय गुणाची असणार."

शिवांजलीनं सूप इतकं जोरात आपटलं, की कोंबड्या पळाल्या.

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. हेल्मेट काढलं तर अतिशय. आकारामांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कोण पायजे विचारलं, सांगलीहून मोटरसायकलवर आलाय हे कळल्यावर म्हणाले, "मग आधी हातपाय धुवा. मी च्याचं बघतो," आणि आत गेले.

तो सोयाबीनच्या कडेला, तिच्यासमोर बसला. मार्चपेक्षा वाळला होता.

"अभिनंदन," ती म्हणाली. "दोघांचंही."

"फाईल का सोडलीस?" पहिल्यांदाच अगं-तुगं, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही. "तुझे सर इथला पत्ता देतात, पण कारण सांगत नाहीत. निकाल लागेस्तोवर तुला विचारता येत नव्हतं. चंदना म्हणते, मला अक्कल नाही."

"चंदना अजून काय काय म्हणते?"

"हा बघ, हाच आवाज. मार्चमध्येही असाच यायचा. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं."

शिवांजलीनं सोयाबीनमध्ये बोटं फिरवली. मग एका दमात सांगून टाकलं. "मी तिचं नाव गाळणार होते. तुम्ही दोघं एकत्र येऊ नये म्हणून. कंपनी बंद पडली तर तुम्ही साताऱ्याला याल म्हणून... दोन दिवस मी तेच ठरवत बसले होते."

आतून कपबशांचा आवाज येत होता.

"मग लिहिलंस का?"

"खरं होतं म्हणून."

त्यानं मान हलवली. "चंदना खंडाळ्याला गेली ना, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसलो होतो," तो हळूच म्हणाला. "तू बोलणं थांबवलंस, तेव्हा आई विचारायला लागली, पोरा जेवत का न्हाईस." मग तो म्हणाला, "पण आता दोन वर्षं तिचे दिवसातून दहादा फोन येणार. मला खंडाळ्यालाही जावं लागणार."

"मी जळेन."

"जळ की."

"हसू नका. मला नाही आवरत ते. खरंच जळेन."

"मग इथं लांब बसून कशाला?" त्यानं तिच्याकडं पाहिलं, तसंच, डोळ्यांत. "सांगलीत येऊन जळ. माझ्यासमोर बसून. जन्मभर..."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. नेमक्या त्याच वेळी त्याचा फोन वाजला. पडद्यावर तेच नाव. त्यानं शिवांजलीकडं पाहिलं.

"उचला," ती म्हणाली. "पण उठायचं नाही. इथंच बसून बोला."

त्यानं फोन कानाला लावला. शिवांजली सरकून त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून बसली, पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येईल इतकी.

"पाटणला आहे," तो म्हणत होता. "हो. विचारलं... नाही गं, अजून उत्तर नाही दिलं तिनं."

शिवांजलीनं फोनकडं तोंड नेलं आणि म्हणाली, "दिलंय म्हणून सांगा तिला."