तिरप्या पट्ट्यांची बाग

"संध्याकाळपर्यंत सांगा, मावशी. नाहीतर हे पिंप मी शेजारच्या वेईच्या बागेत ओतणार!"

यांग शाओशियाने तणनाशकाचं पिंप दारातच आदळलं. नोंग शियूलान तांदळाच्या शेवया खात राहिली. वेनशानमध्ये कुणी कुणाचं बिघडवलं हे शोधून देणारी ही बाई दुसऱ्याची घाई अंगाला लावून घेत नसे. तिच्याबरोबर फिरणारा निवृत्त हवालदार ताओ मात्र दोन पावलं मागे सरला.

यांगची सानछी मरत होती. रक्त थांबवणारं ते मूळ तिने तीन वर्षं सावलीत तान्ह्यासारखं जपलं होतं. काढणीला महिना उरला आणि कूज लागली.

"वेईला पहाटे माझ्या जाळीखालून निघताना पाहिलंय. वाफ्यांवर पांढरी भुकटी होती. अजून काय हवं?"

"जरा व्हिनेगर," म्हणत नोंगने शेवयांजवळची बाटली खिशात टाकली.

यांगच्या बागेत, सावलीच्या काळ्या जाळीखाली गारवा होता. वाफे उताराला आडवे होते. मेलेली रोपं मात्र तिरप्या पट्ट्यांनी, वाफ्यांना न जुमानता पसरलेली. अशा दोन पट्ट्यांमध्ये हिरव्यागार रोपांची हातभर रुंद पट्टी. मेलेल्यांच्या पायाशी तण मजेत डोलत होतं.

"विषसुद्धा काय शिस्तीचं!" ताओ म्हणाला.

"शिस्त विषाला नसते, ताओदादा. ओतणाऱ्याला असते."

तिने भुकटीवर व्हिनेगर शिंपडलं. भुकटी फसफसली.

शेजारी वेई कुंपणापलीकडे खुरपत होता. "गेलो होतो, उद्याही जाईन!" तो तडकला. "पाण्यावरून वाजल्यापासून ही माझं ऐकते कुठे?"

"टाकलंस काय?"

"तिलाच विचारा. सगळं तिलाच कळतं ना!"

यांगला जमीन खंडाने देणारा लुओ आपल्या डुकरांच्या कुंपणाला टेकून उभा होता. "जमीन कोरी आहे. सानछी या मातीने पाहिलीसुद्धा नाही. जमीन घेण्याआधी दोन वर्षं माणूस लपेल असा मका यांगने डोळ्यांनी बघितलाय."

नोंगने कुंपणाच्या खांबांवरून हात फिरवला. सगळे एका उंचीचे, माथ्यावर तारेने घासून खाचा पडलेल्या.

"तुम्ही कधीच लावली नाही?"

"आम्ही मक्याची माणसं, बाई."

ऊन कललं. यांगने पिंपाचं झाकण काढलं, तसा उग्र वास सुटला. वेईच्या कुंपणाशी सगळे जमले.

"विष असतं तर आधी तण मेलं असतं," नोंग म्हणाली. "आणि वेई वाफ्यावाफ्याने चालला असता. मरण तिरपं चाललंय, कारण खाली दुसऱ्याच बागेचे वाफे आहेत. हिरव्या पट्ट्या म्हणजे त्या बागेच्या पायवाटा. तिथे सानछी नव्हती, म्हणून तिला कुजवणारी बुरशीही साठली नाही."

"कुणाची बाग?" यांगचा आवाज चिरकला.

"लुओंच्या खांबांना विचार. डुकरांसाठी कुणी माथ्यावरून तारा ओढत नाही. त्या सावलीच्या जाळीच्या तारा."

"पण मका तर..."

"मक्याला ती बुरशी शिवत नाही. सानछीवर सानछी आली की मातीतल्या पोसणाऱ्या बुरश्या हटतात, कुजवणाऱ्या ठाण मांडतात. पंधरा वर्षं थांबावं लागतं. आपण मका बघून जमीन पारखतो, फसतो ते तिथेच."

"आणि भुकटी?" ताओने विचारलं.

"चुना. उघड्या हवेत मुरला की व्हिनेगरने फसफसतो. कूज पलीकडे त्याच्या बागेत पसरू नये म्हणून वेईने टाकला."

"सांगायला गेलो तर तोंडावर दार आपटलंस," वेई पुटपुटला.

लुओ पायाने माती उकरू लागला. "दुसऱ्यांदा लावली तेव्हा माझीही इथेच कुजली. मग मका इतका छान आला, वाटलं, माती विसरली असेल."

"माणूस विसरतो, लुओ. माती प्रत्येक मूळ उराशी धरून बसते."

यांगने झाकण लावलं आणि पिंप रस्त्याकडे ढकललं. वेईकडे न बघता विचारलं, "हिरव्या पट्ट्या... त्यांना कूज लागली असेल?"

"अजून नाही. आठवडा गेला तर त्याही जातील," वेई म्हणाला.

"मग आजच काढू. दोन खणत्या आणा, वेईकाका."

"तीन," नोंगने बाह्या सारल्या. "ताओदादा, पोट आत घ्या आणि वाका. मुळाला जखम नको!"