गळ काढताना विचारलेला प्रश्न

तो पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या डाव्या अंगठ्यात गळ रुतला होता आणि उजव्या हातात बादली होती. बादलीत वीतभर लांबीचा एक मासा गोल गोल फिरत होता. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता आणि त्याच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

"सिस्टर, आधी याचं बघता का? याचं पाणी बदलायला हवं," तो म्हणाला.

सिस्टरनं बादलीत डोकावून पाहिलं, मग अंगठ्याकडे. "पेशंट नक्की कोण?"

"दोघंही... पण मी थांबू शकतो."

असं बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. खिडकीखालच्या पिंपात पावसाचं पाणी साठलं होतं, ते तिनं बादलीत ओतलं आणि त्याला स्टुलावर बसवलं.

मुख्य कचेरीनं त्याला तळ्यातले मासे मोजायला पाठवलं होतं, म्हणून सगळे त्याला मोजणीवालाच म्हणायचे. दोनशे मासे गळानं धरायचे, लांबी मोजायची, वजन करायचं आणि जिवंत सोडून द्यायचे. दहा वर्षं त्यानं कागदावरचेच मासे मोजले होते. खरा मासा हातात आला की त्याला कुठं धरावं, तेच त्याला कळत नव्हतं. सिस्टर मात्र याच तळ्यावर मासे धरणाऱ्याची मुलगी. गळ काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गळाचा पेशंट आला की डॉक्टरसुद्धा आपली खुर्ची मागं सरकवायचे.

तिची पद्धत ठरलेली होती. गळाच्या वाकात जाड दोरा अडकवायचा, गळाची दांडी खाली दाबून धरायची, म्हणजे टोकाचा उलटा काटा आतल्या आत मोकळा होतो, आणि मग एकच हिसका. त्या क्षणी पेशंटचं लक्ष दुसरीकडे हवं. म्हणून ती एक प्रश्न विचारायची आणि तो उत्तर देत असतानाच दोरा ओढायची. प्रश्नही ठरलेलाच होता.

"घरी कोण कोण असतं?"

"आई आणि—"

गळ समोरच्या भिंतीवर आपटून खाली पडला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

तिनं जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, "आठ दिवस रोज ड्रेसिंगला या." म्हणाली आणि स्वतःच चपापली. एवढ्याशा जखमेला दोन दिवस पुरे होते.

तो बादली सांभाळत पायऱ्या उतरून गेला, तेव्हा तिच्या लक्षात आलं... आई आणि कोण? अकरा वर्षांत तिनं शेकडो उत्तरं अशी अर्ध्यात तोडली होती. उरलेल्या अर्ध्याची काळजी तिला कधी वाटली नव्हती. आज वाटली.

पुढचे आठ दिवस तो रोज आला. रोज थोडं बोलणं व्हायचं. पावसाचं, माशांचं, त्याला न जमणाऱ्या भाताचं. पण ते एक विचारायचं तिच्या जिवावर आलं. पुन्हा विचारायचं म्हणजे का विचारते, तेही सांगणं आलं.

"आठ दिवस ड्रेसिंग?" डॉक्टर म्हणाले. "अंगठा तुटून पुन्हा लावलाय की काय?"

"पावसाळ्यात जखमा चिघळतात," ती म्हणाली. डॉक्टरांनी पेपर वर उचलून त्यामागं तोंड लपवलं.

दहाव्या दिवशी तो पुन्हा हजर. या वेळी गळ तळहातात होता. सिस्टरनं मनाशी पक्कं केलं, उत्तर पूर्ण ऐकायचं आणि मगच ओढायचं.

"घरी कोण कोण असतं?"

"सांगितलं होतं ना... आई आणि—"

हातानं मनाचं ऐकलं नाही. अकरा वर्षांची सवय होती ती. गळ भिंतीवर आपटला आणि सिस्टरला स्वतःचीच चीड आली. ती सगळी त्याच्यावर निघाली.

"तुम्ही मासा धरता तरी कसा?"

"टॉवेलनं. निसटू नये म्हणून."

तिनं कपाळावर हात मारला. "रविवारी सकाळी धक्क्यावर थांबा. मी येते."

रविवारी तिनं त्याचा टॉवेल घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकला. "कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग तो सोडूनही जगत नाही. हात आधी ओले करा. आणि त्याला वर कशाला उचलता? पाण्यातच राहू दे."

त्यानं हात बुडवले. तिनं त्याचं मनगट धरून माशाच्या पोटाखाली नेलं. मासा शांत झाला. मोजणीवाला मात्र झाला नाही.

"आता पक्कड. गळ ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं मागं आणायचा, ओढाताण नाही. फार खोल गिळला असेल, तर दोरा कापून सोडून द्यायचं. आणि हे..." तिनं पेटीतला दुसरा गळ घेऊन पकडीनं त्याचा उलटा काटा दाबून सपाट केला. "सगळ्या गळांचं असं करा. मग माशाच्याही तोंडातून अलगद निघेल आणि तुमच्याही हातातून."

"पण मग मासे सुटून जातील."

"जाऊ देत. नाहीतरी तुम्ही त्यांना सोडूनच देणार आहात."

तो हसला. "सिस्टर, हे कचेरीत कुणालाच सुचलं नाही."

त्यानंतरचे पाच रविवार ती धक्क्यावर गेली. आकडा वाढत होता, एकशे चाळीस, एकशे सत्तर, एकशे नव्वद. दोनशे झाले की मोजणी संपणार आणि मोजणीवालाही जाणार, हे तिला माहीत होतं. एखादा मासा गळावरून सुटला की तो हळहळायचा. तिला मात्र बरं वाटायचं.

मग एका गुरुवारी दुपारी तो दवाखान्यात आला. बादली नव्हती. बोटाच्या पेरात गळ होता. डॉक्टर जेवायला घरी गेले होते.

तिनं दिवा जवळ ओढला आणि बोट धरलं. दोरा घ्यायला गेलेला तिचा हात थांबला. गळाचा काटा सपाट होता.

"हा तर तुमचा तुम्हालाच काढता आला असता."

"हो."

"मुद्दाम टोचून घेतला?"

"नाही हो. चुकूनच लागला. फक्त... काढला नाही." तो खाली बघत होता. "आज दोनशेवा झाला. कचेरीतून पत्र आलंय. परत या, नाहीतर इथल्या तळ्यावर कायमचे राहा. आज कळवायचंय. म्हटलं, त्याआधी तुमचा तो प्रश्न पुन्हा एकदा ऐकावा. दोनदा विचारलात आणि दोन्ही वेळा उत्तर पुरं होऊ दिलं नाहीत."

सिस्टरनं दोरा बाजूला ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले, म्हणजे ते आगाऊपणा करणार नाहीत.

"घरी... कोण कोण असतं?"

"आई आणि मी."

ती थांबली. अजून काही येतंय का, याची वाट पाहत राहिली.

"बस, एवढंच," तो म्हणाला. "दोघंच. तिसरं कोणी यावं असं आईला फार वाटतं. मला या पावसाळ्यापासून वाटायला लागलंय. तुम्हाला... चालेल?"

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दीड महिना ती ज्या 'आणि'ला घाबरत होती, तो हा समोर बसला होता.

"चालेल," ती म्हणाली. "इथंच राहतो म्हणून कळवा."

तिनं खिशातलं पेन त्याच्यापुढं धरलं. ते घ्यायला त्यानं हात पुढं केला, तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, बोटात गळ नव्हता. तो आपोआप निसटून ट्रेमध्ये पडला होता.

तिनं ते बोट साबणाच्या पाण्यानं नीट धुतलं आणि पट्टी बांधली. खरं तर तिचीही गरज नव्हती.