कुणासोबत?

नूतनच्या पत्राला वरदनं उत्तर दिलं नव्हतं. भोरच्या घरी टेबलावरच्या पुस्तकात ते खुणेसारखं पडून होतं, आणि त्या पानापुढं पुस्तकही सरकलं नव्हतं.

पत्राची सुरुवातच तक्रारीची होती — 'तुमच्या ॲपमध्ये तक्रारीला शंभर अक्षरांची जागा आहे. माझी तक्रार तेवढ्यात मावत नाही, म्हणून कागदावर लिहिते.'

त्यांची पहिली भेटही तक्रारीनंच झाली होती. हिर्डोशीची भातगिरणी तेव्हा फक्त शनिवारी चालायची. आसपासच्या वाड्यांतल्या बायका पोती घेऊन यायच्या, आणि नंबर येईतो अंगणात बसून राहायच्या. त्या गर्दीत वरद नेमका एका पोत्यावर टेकला. आतून एक मुलगी बाहेर आली. केसांत तूस, भुवयांवर कोंडा... डोळे तेवढे स्वच्छ.

"भरडायला आलाय का बसायला?"

"मी... नंबर मोबाईलवर कसे देता येतील, त्याचा अभ्यास —"

"मग उभ्यानं करा. बाळाबाईंच्या भातावर बसलाय तुमी. कणी जास्त पडली तर तुमच्या नावावर मांडीन."

अंगणभर हशा पिकला. वरद झटकन उठला.

ती नूतन. भोरच्या कॉलेजातून बी. ए. होऊन वडिलांची गिरणी चालवत होती. वरदला एका संस्थेनं पाठवलं होतं, बायकांचं ताटकळणं थांबवायला. खरं तर त्याचं काम पहिल्याच शनिवारी उरकलं होतं. तरी तो दुसऱ्या शनिवारी आला, तिसऱ्याही.

"अजून किती ऱ्हायलाय अभ्यास?" तिनं पट्टा चढवता चढवता विचारलं.

"थोडा... धडा अवघड आहे."

"आन् पुस्तकाकडं तर बघत न्हाई तुमी," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं. त्या धडधडाटात वरद जे काही बोलला ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. नूतन मात्र पाठमोरी हसली.

त्यानं सगळं विचारलं. पोती किती, बसावं किती लागतं, फोन आहे का. म्हाताऱ्या बाळाबाईंनी आणि त्यांच्या लेकीनं, रत्नानं, त्याला नाचणीची भाकरी खाऊ घातली. भाकरी खाऊन त्यानं दोघींच्या नावापुढं लिहिलं — 'वाया जाणारा वेळ : पूर्ण दिवस'.

ॲप चाललं. गिरणी रोज सुरू झाली. मेसेज आला की यायचं, भरडायचं, निघायचं. अंगण मोकळं झालं. मग नूतनचं पत्र आलं.

'रत्नाच्या सासरचे तिला माहेरी धाडत नाहीत,' तिनं लिहिलं होतं. 'पण गिरणीला नाही म्हणता यायचं नाही. शनिवारी मायलेकी दिवसभर एकमेकींना भेटायच्या. आता आईचा नंबर सोमवारी लागतो, लेकीचा गुरुवारी. तुम्ही विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. अंगण मी अजून झाडते. थांबायला कुणी येत नाही. तुम्हीसुद्धा.'

दुसऱ्याच दिवशी भोरमध्ये वरदचा सत्कार होता. पत्र खिशात होतं. माईकपुढं उभं राहून काय बोलायला हवं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आणि तो बोलला, "हिर्डोशीच्या बायकांचं ताटकळणं संपलं." टाळ्या पडल्या. अंगावर शाल आली, ती नेमकी त्या खिशावरून. त्या दिवसापासून उत्तराची पहिली ओळच त्याला सुचेना. 'नूतन' एवढं लिहिलं की टाळ्या ऐकू यायच्या आणि तो पेन खाली ठेवायचा.

गेल्या मंगळवारी भोरच्या बाजारात बाळाबाई दिसल्या. तो मिरच्यांच्या ढिगाआड सरकला, पण म्हातारीची नजर पक्की. तिनं हाक मारली, पाठीवरून हात फिरवला. गिरणीत आता बसावं लागत नाही, पोरा, लई चांगलं केलंस, असं म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"आजी... रत्नाताई कशा आहेत?"

"बरी असंल की." बाळाबाईंनी पदर सारखा केला. "फोन जावयाच्या खिशात आसतुया. तिचा नंबर कवा लागतो ते तुलाच दिसत असंल बाबा, मोबाईलात. तूच सांग, बरी हाय न्हवं?"

वरदला तिथं मान वर करवेना.

घरी येऊन तो ॲपवर बसला, आणि ते काम झाल्यावर कागद घेतला.

'नूतन, तुमचं पत्र वेळेवर मिळालं होतं. ते खिशात ठेवून मी टाळ्या घेतल्या. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो, मला त्याची लाज वाटते.

ॲपमध्ये एक ओळ घातली आहे — "कुणासोबत?" ज्या दोघींना भेटायचंय त्यांनी तुम्हाला तोंडी सांगायचं. नंबर एकाच शनिवारी लागतील, दिवसभर बसता येईल इतके सावकाश. घरच्या फोनवर फक्त वार दिसेल, सोबतीचं नाव नाही. अजून चालू केलेलं नाही. हे चालेल का, तेवढं बायकांना विचाराल? या वेळी आधी विचारतोय.

ओळ तपासायला एक नाव भरून पाहिलं. माझं. "कुणासोबत"पुढं तुमचं नाव लिहिलं. पण दुसऱ्या बाजूचा होकार आल्याशिवाय नंबर लागत नाही... तशीच सोय केली आहे.'

सकाळी तो पोस्टात गेला. हिर्डोशीची एसटी समोरच्या रस्त्यानं निघाली होती. चढला असता तर पत्राच्या आधी स्वतःच पोचला असता. पण तिला वाचायला आणि नाही म्हणायलाही वेळ मिळायला हवा. त्यानं एसटी जाऊ दिली आणि पाकीट लाल पेटीत सोडलं.

आता थांबायचा नंबर त्याचा होता.